परीट, पावशा आणि भोरड्या : कवठे महांकाळच्या माळावरील पक्षिनिरीक्षणाचा इतिहास

१/
पावसाळा सरला की कवठे महांकाळच्या ओढ्यांकाठी आणि तलावांच्या ओल्या कडांवर शेपटी वरखाली हलवणारा परीट पक्षी दिसू लागतो. पक्षिशास्त्रात या पांढऱ्या परटाच्या एका उपप्रजातीला 'दुखुनेन्सिस', म्हणजे 'दख्खनची', असे नाव दिले गेले. प्रत्यक्षात तिचा जन्म दख्खनमध्ये होत नाही. तो होतो पश्चिम सायबेरिया आणि मध्य आशियाच्या बाजूला. पाहुण्याला यजमानाचे नाव कसे मिळाले? या प्रश्नामागे दख्खनच्या माळावर पक्ष्यांकडे कोणी, केव्हा आणि कशासाठी पाहिले याचा मोठा इतिहास आहे. त्याचा हा धावता आढावा. #थ्रेड

२/
प्रथम भूगोल. कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडील तालुका. हा जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला 'सांगली' हे नाव मिळाले. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचे घनदाट अरण्य, तर पूर्वेकडे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माळरान. येथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अग्रणी नदीचे खोरे, मिरज तालुक्याच्या सीमेवरील दंडोबाचा डोंगर, रांजणीच्या मेंढी-शेळी प्रक्षेत्राची चराऊ जमीन आणि मधूनमधून बोर, बाभूळ, हिवर, हे या प्रदेशाचे रूप.

३/
उन्हाळ्यात हा माळ पाहणाऱ्यास ओसाड भासतो. परंतु तो ओसाड नाही. टिटवी, चंडोल, लावा, धाविक, पखुर्डी हे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची अंडी घालून ते पिले वाढवतात. त्यांच्या दृष्टीने झाडांची दाटी हेच संकट, आणि खुरटे गवत हेच घर. ही साधी गोष्ट सरकारी दप्तराला समजण्यास फार उशीर लागला. त्या विलंबाची किंमत कोणी मोजली, हे पुढे येईल.

४/
भारतात पक्ष्यांकडे पाहण्याची लेखी परंपरा प्राचीन आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खंजन पक्ष्याच्या दर्शनावर स्वतंत्र अध्याय आहे. खंजन म्हणजे परीट किंवा धोबी. त्याचे पहिले दर्शन कोठे आणि कशा स्थितीत झाले, यावरून शुभाशुभ फळ सांगितलेले आहे. आज त्या शकुनांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. मात्र 'पहिले दर्शन' ही कल्पनाच सांगते की हा पक्षी बारमाही नाही, तो ठरावीक ऋतूत परततो, हे निरीक्षण तेव्हा पक्के झालेले होते. संस्कृत साहित्यातही खंजन शरद ऋतूचीच खूण आहे.

५/
दख्खनच्या अधिक जवळ यायचे तर कल्याणीच्या चालुक्यांकडे जावे लागते. राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ सुमारे ११२९ चा. मिरजेचा परिसर त्या काळी चालुक्यांचे मांडलिक असलेल्या कोल्हापूरच्या शिलाहारांच्या सत्तेखाली होता. या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये लाव्यांच्या झुंजी आणि श्येनविनोद, म्हणजे ससाण्यांकरवी शिकार, यांचे वर्णन येते. कोणता शिकारी पक्षी निवडावा, त्याला कसे शिकवावे, हे त्यात सांगितलेले आहे. इतक्या बारकाईने केलेले हे पाहणे मात्र दरबाराच्या गरजेपुरते होते.

६/
शेतकऱ्याचे पाहणे वेगळे होते. रोहिणी-मृगाच्या सुमारास पावशा ओरडू लागतो आणि मराठी कानाला त्यात 'पेरते व्हा' असे ऐकू येते. हिंदी मुलखात त्याच आवाजात 'पी कहाँ' हा विरहाचा प्रश्न ऐकला गेला, तर उकाड्याने त्रासलेल्या इंग्रजांनी त्याला मेंदूज्वराची उपमा दिली. पक्षी एक आणि कान तीन. कवठे महांकाळसारख्या कोरडवाहू भागात पेरणी चार दिवस पुढे-मागे झाली तरी वर्षाचे गणित बिघडत असे. तेथे या हाकेचा अर्थ पेरणीशीच जोडला जाणार, हे उघड आहे.

७/
चातकाची कथा आणखी बोलकी आहे. तो केवळ पावसाचे थेंब पितो, ही कविकल्पना. परंतु पावसाबरोबर त्याचे येणे ही वस्तुस्थिती आहे. आफ्रिकेतून निघालेले चातक नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुमारास भारतात पोहोचतात आणि सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतात. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर बांधले, टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की सखल जागी, यांवरूनही पावसाचा अंदाज बांधला जाई. त्यांतील किती अंदाज खरे ठरत, हा वेगळा प्रश्न. पण त्यासाठी घरटी दरवर्षी पाहावी लागत, हे निश्चित.

८/
या लोकपरंपरेत दोन नावे विसरता येणार नाहीत. पहिले पिंगळ्याचे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार येणारा आणि पिंगळा पक्ष्याची भाषा समजते असे सांगून भविष्य कथन करणारा हा लोकभिक्षुक. दुसरे फासेपारध्याचे. तित्तर आणि लावे कोणत्या वेळी कोठून चालतात, फास कोठे लावावा, कोणती शीळ घातली की पक्षी उत्तर देतो, हे त्याला पिढीजात ठाऊक होते. माळावरील पक्ष्यांचे इतके सूक्ष्म ज्ञान क्वचितच दुसऱ्या कोणाकडे असेल. त्याची लेखी नोंद मात्र झाली नाही.

९/
लेखी नोंदीचा आधुनिक काळ सुरू होतो तो पेशवाईच्या अस्तानंतर. १८१८ मध्ये दख्खन कंपनी सरकारच्या हाती आला. या नव्या मुलखात काय पिकते, किती लोक राहतात, वजने-मापे कोणती, हे जाणून घेण्याची सरकारला गरज होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२) या लष्करी अधिकाऱ्याची 'सांख्यिकी वृत्तनिवेदक' म्हणून नेमणूक केली. साइक्स तंबू ठोकत गावोगाव फिरला. माणसे मोजता मोजता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले.

१०/
१८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात साइक्सची 'दुखुन'मधील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. इंग्रजीतील 'दुखुन' म्हणजे आपला दख्खन. पन्नासहून अधिक पक्षी त्याने शास्त्राला नवे म्हणून त्यात मांडले. गावतळ्याच्या काठी निश्चल उभी राहणारी ढोकरी, जी आपल्याकडे कोणाही पोराला ओळखते असते, तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम याच यादीत आले. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे याच्यावरून तिचे नाव 'ग्रेयाय' झाले.

११/
या यादीतील नावे वाचणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र आनंद आहे. माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाला साइक्सने 'देवा' म्हटले, एका वटवट्याला 'रामा' आणि सह्याद्रीतील काळ्या बुलबुलाला 'गणेसा'. एका रातव्याचे नाव पडले 'महारत्तेन्सिस', म्हणजे मराठ्यांच्या देशातला. सह्याद्रीतील रानपारव्याला एल्फिन्स्टनचे, तर मोठ्या राखी सातभाईला गव्हर्नर जॉन माल्कमचे नाव मिळाले. देव, गव्हर्नर आणि मुलूख असे तिघेही एका यादीत आले.

१२/
आता परटाच्या प्रश्नाचे उत्तर. नमुना जेथे मिळाला, त्या मुलखाचे नाव देण्याची शास्त्रात प्रथा होती. दख्खनमध्ये मिळाला म्हणून 'दुखुनेन्सिस'. एका आखूड बोटांच्या चंडोलालाही साइक्सने हेच नाव दिले. तो तिबेट-मंगोलियाच्या पठारांवर वीण करतो आणि हिवाळ्यात भारतात येतो. 'महारत्तेन्सिस' रातव्याची वीण वायव्य भारत आणि पाकिस्तानच्या कोरड्या प्रदेशांत होते. 'रामा' वटवट्याही मुख्यतः मध्य आशियातला. नावात जागा नोंदली गेली, ऋतू नोंदला गेला नाही. 'पहिल्या दर्शना'ची वाट पाहणाऱ्या जुन्या परंपरेने जपलेली माहिती नव्या नावातून गळली.

१३/
साइक्सच्या कामाचे महत्त्व याने कमी होत नाही. उलट त्याची यादी आज मोलाचा पुरावा आहे, कारण १९० वर्षांपूर्वी दख्खनमध्ये काय होते ते ती सांगते. माळढोक त्या काळी येथे सर्रास आढळे. एका 'सद्गृहस्था'ने हजारभर माळढोक मारल्याचे साइक्सनेच नमूद केले आहे. हजार! आज संपूर्ण जगात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते. ती एक नोंद नसती, तर हा पक्षी पूर्वीपासूनच दुर्मीळ होता असे कोणीही सहज म्हणू शकले असते.

१४/
त्या काळी पक्षी 'पाहणे' म्हणजे प्रायः पक्षी मारणे. दुर्बिणी दुबळ्या होत्या आणि शास्त्राला हातात घेऊन मोजता येईल असे कातडे हवे होते. अशा संग्रहांसाठी माळ, ओढे आणि पक्ष्यांच्या वेळा जाणणारे स्थानिक शिकारी, पारधी आणि नोकर हाताशी लागत. नामावलीत गव्हर्नर आले. माग काढणारे आले नाहीत. पुढे १८७१ च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याने आणि १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत वाढलेल्या त्याच्या कक्षेने पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा देशभरातून १९५२ मध्ये रद्द झाला. दरम्यान त्यांच्या ज्ञानाची गणना 'ज्ञाना'त झालीच नाही.

१५/
माळाचीही अशीच उपेक्षा झाली. १८३० च्या दशकात इंदापुरापासून मुंबई इलाख्याची नवी जमीन-मोजणी सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांच्या पद्धतीत जमिनीची प्रत ठरत असे ती पिकावरून आणि त्यातून निघणाऱ्या साऱ्यावरून. ज्या जमिनीतून सारा येत नाही, ती 'पडीक'. मेंढपाळाची चराई, गवत, तित्तर-लाव्यांची वीण यांना त्या कोष्टकात रकाना नव्हता. स्वातंत्र्यानंतरही गवताळ माळ 'पडीक जमीन' म्हणूनच मोजला जात राहिला. त्यावर झाडे लावणे किंवा कारखाना उभारणे म्हणजे सुधारणा, ही समजूत तेथून आली.

१६/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरीक्षकांची नवी पिढी आली. अहमदनगर परिसरात राहणारे अमेरिकन मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनी १८७६ मध्ये खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर येथील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. १८७८ मध्ये डेव्हिडसन व वेंडन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरील लेख आला. १८८१ मध्ये ई. ए. बटलरने 'दख्खन आणि दक्षिण मराठा देशा'तील पक्ष्यांची सूची दिली. सांगली, मिरज, जत ही संस्थाने याच दक्षिण मराठा देशात मोडत. मुक्कामाच्या गावाभोवती वर्षानुवर्षे पाहत राहणे, ही या मंडळींची पद्धत होती.

१७/
हे सारे लेख 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आले. त्याचा संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच ह्यूम. भारतातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्याने पंचवीस वर्षे टिपणे जमवली होती. सिमल्याच्या घरातून ती एका नोकराने रद्दीत विकली. खचलेल्या ह्यूमने पक्षिशास्त्र सोडले आणि आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. एका माणसाच्या कपाटात राहिलेली नोंद किती नाजूक असते, याचे हे ठळक उदाहरण.

१८/
१८८३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली. १९०८ च्या सुमारास एक मुलगा स्वतः मारलेली, पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तेथे ओळख विचारायला गेला. सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. हा मुलगा म्हणजे सलीम अली (१८९६-१९८७). पुढे त्यांनीही शास्त्रासाठी नमुने गोळा केले. बंदूक एका दिवसात सुटली नाही. पण जिवंत पक्ष्याला त्याच्या जागी, त्याच्या ऋतूत पाहण्याचे वळण भारतीय पक्षिशास्त्राला लावण्यात त्यांचा वाटा मोठा.

१९/
त्याची सुरुवात बेकारीतून झाली. १९३० मध्ये जर्मनीतून शिकून परतल्यावर सलीम अली यांची संग्रहालयातील नोकरी पैशाअभावी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी पावसाळाभर ती पाहिली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर आत बिऱ्हाड करते. मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो आणि दुसरी मादी शोधतो. सर्वांच्या डोळ्यांदेखत चाललेला हा संसार शास्त्राला त्यांच्या १९३१ च्या लेखाने नीट समजला. त्यासाठी घरापासून लांब जावे लागले नाही. एक ऋतू एका जागी बसावे लागले.

२०/
१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याचे साधन मिळाले. मराठीला मात्र शब्दांचा प्रश्न होता. पुस्तकी नावे एक आणि गावातील नावे दुसरी. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी माणदेशचा माळ आणि रानातले जीव मराठी गद्यात आणले. वानरांच्या टोळ्यांवरील 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेजारच्या कवठे महांकाळचा माळ याच जातीचा.

२१/
शब्दांचे मोठे काम केले ते मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी. सोलापुरात जन्मलेले हे वनाधिकारी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे राहिले आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडून पक्ष्यांची नावे व त्यांच्या सवयी टिपत गेले. त्यांतून 'पक्षिकोश' उभा राहिला. हंसदेवाचे 'मृगपक्षिशास्त्र' हा तेराव्या शतकातील संस्कृत ग्रंथही त्यांनी मराठीत आणला. ज्यांचे ज्ञान साइक्सच्या काळी नावाविना राहिले, त्यांचे शब्द येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर कोशात आले. चितमपल्लींचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधील आठवडा राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळला जातो.

२२/
नोंदीने काय साधते, याचा धडा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. १९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी शहराजवळच्या नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे जाणकारांचे लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या तुकड्यांमुळे त्या भागात या पक्ष्याला आसरा मिळाला होता. पुढे १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. एका गावाजवळचा माळ, त्यावर पुन्हा पुन्हा जाणारा एक निरीक्षक आणि त्याच्या नोंदी, यांतून राज्याला आपल्या सीमेत काय आहे ते कळले.

२३/
याच कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अभयारण्याची मूळ हद्द सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होती. तीत गावे, शेते, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने लोकांत रोष निर्माण झाला. तो अकारण नव्हता. २०१२ मध्ये ही हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली. तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. जेथे माळ, माणूस आणि मेंढरू एकत्र नांदतात, तेथे नकाशावर रेघ ओढून पक्षी वाचत नाही, हे यातून दिसले.

२४/
या पार्श्वभूमीवर कवठे महांकाळचे चार ऋतू पाहावेत. उन्हाळ्यात माळावर सकाळी लवकर गेल्यास डोंबारी चंडोल सरळ वर चढतो आणि शीळ घालत कोसळल्यासारखा खाली येतो. कसरतीचा खेळ करणाऱ्या डोंबाऱ्याचे नाव त्याला शोभते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर अंडी किंवा पिले जवळच असतात. अशा वेळी पाऊल मागे घेणे हा पक्षिनिरीक्षणाचा पहिला नियम.

२५/
मृगानंतर माळ हिरवा होतो. पावशा, चातक, लाव्यांची साद आणि विहिरीवर झुकलेल्या बाभळींवर सुगरणींची लगबग. दंडोबाच्या डोंगरावर झाडीतले पक्षी, तर रांजणीच्या मोकळ्या कुरणात मेंढरांमागे चालणारे गायबगळे आणि कोतवाल. मेंढरांच्या पायांनी उडालेले किडे टिपणे हा त्यांचा उद्योग. जतपासून आटपाडीपर्यंतच्या धनगरांना हे दृश्य नवे नाही.

२६/
दसऱ्याला चास, म्हणजे नीलकंठ, दिसणे शुभ मानतात. तारेवर बसलेला हा पक्षी उडाला की पंखांतील निळाई प्रकट होते. २०२३ च्या देशव्यापी पक्षी-अहवालात मात्र याच चासाची संख्या लक्षणीय घटल्याचे नोंदले गेले. उलट मोराची संख्या कित्येक पटींनी नव्हे, तरी दीडशे टक्क्यांहून अधिक वाढली. १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी ठरवताना सलीम अलींनी माळढोकाचा आग्रह धरला होता. निवड झाली मोराची. एकाची वाढ आणि दुसऱ्याचा ऱ्हास एकाच देशात घडला.

२७/
हिवाळा भोरड्यांचा. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण करणारे हे गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे पक्षी हजारोंच्या थव्यांनी दख्खनवर उतरतात. सायंकाळी त्यांचा थवा आकाशात धुरासारखा वळतो. शाळूच्या कणसांत दाणा भरला की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्या राखणदाराला हे सौंदर्य परवडत नसे. तोच पक्षी चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळ खातो म्हणून शेतकऱ्यांचा मित्र ठरला आणि त्याच्यासाठी तेथे दगडांची घरटी रचली गेली. पक्षी शत्रू की मित्र, हे पिकावर आणि महिन्यावर अवलंबून असते.

२८/
हा माळ आता झपाट्याने बदलतो आहे. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या दुष्काळी पट्ट्यात चढवले. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत द्राक्षबागा उभ्या राहिल्या, बेदाण्याची शेड आली, ऊस आला. ज्यांनी दुष्काळ भोगला त्यांच्यासाठी हे पाणी म्हणजे न्याय आहे. पाण्याबरोबर पाणपक्ष्यांनाही नव्या जागा मिळाल्या. मात्र पखुर्डी, धाविक, भोवत्या आणि चंडोल यांना लागणारे खुरटे गवत नांगराखाली जाते. ढालगाव-जतकडे पवनचक्क्या आणि त्यांच्या वाहिन्याही आल्या. लाभ आणि हानी एकाच चित्रात आहेत. त्यांचे माप काढायचे तर 'आधी' काय होते, ते कोणीतरी लिहिलेले हवे.

२९/
आज ते लिहिणे कोणालाही शक्य आहे. 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर तारीख, जागा, वेळ आणि संख्या भरता येते. रद्दीवाल्याकडे जाण्याची भीती नाही. २०२३ चा तो अहवाल ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या नोंदींवर उभा राहिला. ९४२ प्रजातींचा त्यात विचार झाला. दीर्घकालीन कल काढता आलेल्या ३३८ प्रजातींपैकी ६० टक्के प्रजाती घटताना आढळल्या. खुल्या, गवताळ अधिवासांतील पक्ष्यांची स्थिती विशेष चिंताजनक. अभयारण्यांच्या सहलींतून आलेल्या नोंदी यात आहेत, तशाच गच्चीवरून आणि गावतळ्यावरून आलेल्याही.

३०/
इतिहासाच्या अभ्यासकाला पक्ष्यांची नोंदवही हे अस्सल साधन आहे. त्यासाठी तीन पथ्ये पुरेशी : जागा तीच ठेवावी, प्रत्येक ऋतूत जावे, आणि पक्षी दिसला नाही तरी तसे लिहावे. सोबत गावातील नाव आणि ते सांगणाऱ्याचा उल्लेख, त्याच्या संमतीने, जरूर करावा. साइक्सकडे मुलूख होता, शेतकऱ्याकडे ऋतू होता, पारध्याकडे माग होता. हे तिन्ही एका पानावर क्वचितच आले. कवठे महांकाळच्या एखाद्या तलावावर या शरदात पहिला परीट कोणत्या तारखेला उतरला, ही एका ओळीची नोंद त्या पानाची सुरुवात ठरू शकते. (समाप्त)